खेळ सुटल्यानंतरचं भूत

भुताचा सिनेमा पाहून आलेला माणूस गप्प बसलाय, असं तुम्ही कधी पाहिलंय का? मी तरी नाही. प्रेमाचा सिनेमा पाहिलेला माणूस गाणं गुणगुणत एकटाच घरी जातो. रडवणारा सिनेमा पाहिलेला रुमाल खिशात घालून निमूट चालू लागतो. भुताचा सिनेमा पाहिलेल्याला मात्र सोबत लागते. एक तर रस्ता अंधाराचा असतो, आणि दुसरं म्हणजे त्याला बोलायचं असतं. ‘तो दरवाजा आपोआप उघडतो ना, तेव्हा...’ अशी सुरुवात होते आणि मग चहाचे ग्लास रिकामे झाले तरी गोष्ट संपत नाही.

भयपटांचा इतिहास लिहिणारे पडद्याकडे बघून लिहितात. आज मला पडद्यासमोर बसलेल्यांबद्दल बोलायचं आहे. मध्यंतरात, टपरीवर, एसटीच्या मागच्या बाकावर एकमेकांना आपलं मत ठणकावून सांगणाऱ्या शौकिनांबद्दल. कारण ते काय बोलत होते, यावरून त्या त्या काळाला कशाची भीती वाटत होती ते समजतं.

सुरुवात १९४९ पासून करू. त्या वर्षी बॉम्बे टॉकीजचा ‘महल’ आला. कमाल अमरोहींनी दिग्दर्शित केलेला हा पहिला चित्रपट. अशोककुमार, मधुबाला, खेमचंद प्रकाश यांचं संगीत आणि जोसेफ वीर्शिंग या जर्मन छायालेखकानं टिपलेल्या सावल्या. लांबून येणारा आवाज हळूहळू जवळ यावा म्हणून लताबाई गाताना खोलीच्या टोकापासून मायक्रोफोनकडे चालत आल्या, हे त्यांनीच पुढं सांगितलं. तबकडीवर त्यांचं नाव नव्हतं. चित्रपटातल्या पात्राचं, ‘कामिनी’ हे नाव होतं. ही गाणारी कोण, हे विचारायला लोकांनी रेडिओला पत्रं पाठवली. आपल्याकडच्या भयपटाच्या चाहत्यांनी जाहीरपणे विचारलेला हा पहिला प्रश्न असावा. तो भुताबद्दल नव्हता, आवाजाबद्दल होता, आणि विचारला गेला तोही आकाशवाणीला!

आमच्या घरातली वडीलधारी मंडळी त्या पिढीची. त्यांच्या बोलण्यात एकच प्रश्न असायचा, ‘कोण होती?’ कारण त्या काळातल्या बहुतेक चित्रपटांत भूत शेवटी खोटं निघायचं. ‘महल’मधली ती छाया अखेर माळ्याची मुलगी निघते. १९६२ च्या ‘बीस साल बाद’मध्येही झपाटण्याच्या मागं हाडामांसाचा माणूसच असतो. १९६४ च्या ‘वो कौन थी’मध्ये भर पावसात पांढऱ्या साडीतली साधना मोटार थांबवते, काचेवरचे वायपर बंद पडतात आणि ती स्मशानाच्या दारात उतरते. अंगावर काटा येतो. पण शेवटी निघतं काय? जुळ्या बहिणी आणि इस्टटीचं कारस्थान. त्याच वर्षी राजा परांजप्यांनी मराठीत ‘पाठलाग’ केला. त्यात भूत नाही, पण दोन सारख्या चेहऱ्यांचा चकवा आहे. राज खोसलांनी त्यावरून १९६६ मध्ये ‘मेरा साया’ काढला.

देश नुकताच स्वतंत्र झालेला. धरणं, कारखाने, शाळा उभ्या राहत होत्या. भुताला पडद्यावर यायची परवानगी होती, पण शेवटच्या रिळात त्यानं आपला खरा पत्ता द्यायचा, असा जणू करारच होता. घाबरवणाऱ्याच्या मागं लोभी नातेवाईक असतो, ही त्या पिढीची समजूत. ती काही अगदीच चुकीची नव्हती.

मग रामसे आले. फतेहचंद रामसिंघानी हे कराचीचे, धंदा रेडिओचा. गोऱ्या गिऱ्हाइकांना आडनाव उच्चारता येईना म्हणून ‘रामसे’ झाले. फाळणीनंतर मुंबईत आले. १९७० साली त्यांनी पृथ्वीराज कपूरना घेऊन ‘एक नन्हीं मुन्नी लडकी थी’ काढला, तो पडला. पण मुलांनी थिएटरात बसून एक गोष्ट हेरली. पृथ्वीराज भयानक मुखवटा घालून चोरी करतात, त्या प्रसंगाला प्रेक्षक दचकतात, आणि बाहेर पडल्यावर बोलतात ते त्याच प्रसंगाबद्दल. म्हणजे रामसेंचा सगळा कारखाना प्रेक्षकांच्या गप्पा कान देऊन ऐकण्यातून उभा राहिला. १९७२ साली ‘दो गज जमीन के नीचे’ आला. सारं कुटुंब महाबळेश्वरला जाऊन राहिलं. सात भावांनी कामं वाटून घेतली. तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला, गंगू कॅमेऱ्याला, अर्जुन संकलनाला. घरच्या बायका सगळ्यांचा स्वयंपाक बघत.

माझी पिढी त्यांची. १९८४ साली ‘पुराना मंदिर’ आला तेव्हा मी शाळेत होतो. उंचापुरा सामरी, त्याचं धड एकीकडे पुरलेलं आणि मुंडकं दुसरीकडे पेटीत बंद. ते काम करणारे अजय अगरवाल शिक्षणानं इंजिनिअर, हे फार नंतर कळलं. रामसेंच्या हवेल्यांपैकी एक आमच्या कोकणातली. मुरूडच्या नवाबांचा राजवाडा त्यांच्या चित्रपटांत दिसतो. त्यामुळं आमच्याकडच्या चर्चेला वेगळाच रंग चढायचा.

‘अरे, तो जिना बघितलास? मुरूडचाच आहे तो!’

‘मग सामरी पण तिथलाच म्हणायचा.’

शेजारी विडी ओढत बसलेल्या करीमचाचांना राहवेना. ‘पोरांनो, तीस वर्षं रात्री-बेरात्री त्या रस्त्यानं सायकल हाणतोय. मला कुत्र्यांशिवाय कोणी आडवं आलं नाही.’

‘चाचा, तुम्हाला बघून सामरीच पळाला असेल!’

या हास्यविनोदात एक गोष्ट घडत होती. ‘कोण होती’ हा प्रश्न मागं पडला होता. भूत खरंच आहे, हे चित्रपटानं धरूनच चाललेलं. आता प्रश्न होता, ‘ते मरतं कसं?’ उत्तर होतं त्रिशूळ, क्रूस, ताईत, पेटती मशाल. न्यायालय, पोलीस, डॉक्टर यांचा काही उपयोग होत नाही, हे ऐंशीच्या दशकातल्या प्रेक्षकाला पटवून द्यावं लागत नव्हतं. पहिल्या रांगेत बसलेला माणूस शिट्टी मारायचा ती भूत मेल्यावर. रोजच्या आयुष्यात त्याला छळणारं काहीच इतक्या झटपट मरत नव्हतं.

गावच्या भुतांचा हिशोबही याच गप्पांत व्हायचा. मुंजा पिंपळावर, कारण त्याचं लग्न राहिलं. हडळ विहिरीजवळ, कारण ती बाळंतपणात गेली. समंधाचा जीव इस्टटीत अडकलेला. आमच्या भागात खवीस हे मुसलमानाचं भूत समजतात. मित्र चिडवायचे, ‘तुझा खवीस भेटला रे काल!’ मी म्हणायचो, ‘हो, तुमच्या समंधाच्या शेजारीच राहतो. दोघांचं बरं चाललंय.’ आपल्या लोकांनी भुतांनाही जात-धर्म चुकू दिला नाही, पण प्रत्येकाला एक गाऱ्हाणं मात्र दिलं. कुणावर काय अन्याय झाला, त्याची ती नोंदवहीच म्हणा ना!

१९९३ साली मराठीत ‘झपाटलेला’ आला. महेश कोठारे, लक्ष्मीकांत बेर्डे आणि रामदास पाध्यांचा बाहुला. तात्या विंचू बघताना पोरं आईच्या पदराआड लपून हसली. त्याच वर्षी ‘झी हॉरर शो’मधून रामसे घराघरांत शिरले. २००३ च्या रामगोपाल वर्मांच्या ‘भूत’मध्ये हवेली गेली, गाणी गेली. मुंबईतला उंचावरचा फ्लॅट आला आणि तिथं मारल्या गेलेल्या बाईचं भूत उर्मिला मातोंडकरच्या अंगात आलं. बाहेर पडणारे लोक विचारू लागले, ‘ती आली का?’ तिच्यावर काय गुदरलं, हे कळल्यावर भुताची बाजू घेणारेही भेटू लागले.

इथं एक आक्षेप घेतला जातो, आणि तो गंभीर आहे. असल्या सिनेमांनी अंधश्रद्धा वाढते. आपल्याकडे हा विषय रक्तानं लिहिला गेला आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखाद्या बाईला चेटकीण ठरवून तिचं जगणं अशक्य करण्याचे प्रकार पडद्यावरचे नाहीत, आपल्या वाड्या-वस्त्यांवरचे आहेत. मांत्रिकाला देव बनवणारे चित्रपट निघाले, हेही खरं. त्यांची बाजू मी घेणार नाही.

पण त्या शौकिनांचं बोलणं नीट ऐका. ‘दोरी दिसत होती रे!’ ‘ते रक्त नाही, रंग आहे.’ ‘दार उघडं असताना ती पळत का नाही?’ ही तपासणीच आहे. चारचौघांत बोललेली भीती खेळ होते. मनात कोंडून ठेवलेली भीती भोंदूच्या दारात जाऊन उभी राहते. भोंदू कधी म्हणतो का, की मित्रांना बोलव आणि माझ्या चमत्कारावर चर्चा कर? तो म्हणतो, कुणाला सांगू नकोस. माझ्या मते फरक इथंच आहे.

आणि सांगण्याची ताकद बघायची असेल तर ‘तुंबाड’ बघा. राही अनिल बर्वेंनी १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात मित्राच्या तोंडून नारायण धारपांची एक कथा ऐकली. ते बीज त्यांच्या मनात राहिलं. नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आलं. चित्रपट २०१८ साली पडद्यावर यायला पंचवीस वर्षं गेली. तेव्हा गल्ला बेताचाच जमला. पण बघितलेल्यांनी न बघितलेल्यांना सांगितलं, त्यांनी आणखी कुणाला सांगितलं. २०२४ साली तो पुन्हा प्रदर्शित झाला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई करून गेला. त्यातला हस्तर भीतिदायक आहेच, पण लोक वाद घालतात तो त्या बापाबद्दल, जो सोन्याच्या मोहरांसाठी मुलालाही त्या विहिरीची वाट दाखवतो. म्हणजे ‘कोण होती’पासून निघालेली चर्चा ‘कसं मरतं’वरून आता ‘आपल्यात ते कुठून आलं’ इथवर आली.

मुशायऱ्यात शेर पुरा होतो तो ऐकणाऱ्याच्या दादेनं. भुताच्या सिनेमाचंही तसंच आहे. म्हणून घरातलं पोरगं भयपट बघून आलं आणि जेवताना भडाभडा सांगू लागलं, तर ‘गप जेव’ म्हणू नका. पूर्ण ऐका. मग विचारा, ‘तुला नेमकी कशाची भीती वाटली?’ उत्तरात भूत असेलच असं नाही.