वसईची मोहीम, गोव्याच्या नन आणि एक हत्ती

क्रुसेड म्हटलं की आपल्या नोट्समध्ये ठरलेली नावं येतात. 1095 साली क्लेरमाँला पोप दुसरा अर्बन, 1146 साली व्हेझले इथे प्रवचन देणारा बर्नार्ड, मग राजे आणि सलाहुद्दीन. ननच्या वाट्याला बहुतेक वेळा एकच वाक्य येतं : 'त्यांनी प्रार्थना केल्या.' संशोधनाची तयारी करत असाल तर अशा वाक्याजवळ थांबा. ते खोटं नसतं, पण त्यामागे कोणीतरी शोधायचं सोडून दिलेलं असतं.

एक उदाहरण देतो. 1187 मध्ये जेरुसलेमला वेढा पडला तेव्हा मार्गारेट ऑफ बेव्हर्ली नावाची यात्रेकरू बाई आत अडकली होती. शिरस्त्राण म्हणून तिने डोक्यावर स्वयंपाकाचं भांडं घातलं, तटावरच्या लोकांना पाणी पुरवलं आणि जात्याच्या दगडाचा तुकडा लागून ती जखमी झाली. शेवटी फ्रान्समधल्या एका मठात ती राहिली. हे सगळं आपल्यापर्यंत पोचलं कारण तिचा भाऊ थॉमस मठवासी होता आणि त्याने ते लिहून ठेवलं. म्हणजे आवाज तिचा, पण लेखणी भावाची. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता आपल्याकडे या. गोव्यात आर्चबिशप आलेशु द मेनेझिस यांच्या पुढाकाराने 1606 मध्ये सांता मोनिका हा ऑगस्टिनियन ननांचा मठ स्थापन झाला. मठात जाणाऱ्या मुलीबरोबर हुंडा जायचा, तोही भरपूर. गोव्याची नगरसभा यावर कुरकुर करत असे, कारण पैसा आणि लग्नाच्या मुली दोन्ही मठाच्या भिंतीआड जात होत्या, आणि पोर्तुगीजांना तर माणसं आणि पैसा दोन्ही कमी पडत होते. 'प्रार्थना केल्या' यापेक्षा हा वाद कितीतरी बोलका आहे ना? युद्धाच्या खर्चाचा हिशोब आणि मठाचा हिशोब एकाच शहरात, एकाच तिजोरीभोवती भांडत होते. पण मठाचा जो इतिहास 1699 मध्ये लिस्बनला छापला गेला तो फ्राय आगोस्तिन्यु द सांता मारिया या ऑगस्टिनियन साधूने लिहिलेला. पुन्हा लेखणी 'भावाची'च.

1683 मध्ये संभाजीराजांची फौज जुवे बेटापर्यंत आली. गोवा पडणार असं वाटू लागलं, तेव्हा व्हाइसरॉय कोंदी द आल्व्होरने सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवाजवळ जाऊन आपला अधिकारदंड ठेवला आणि राज्य त्याच्या हवाली केलं. 1552 मध्ये वारलेला संत 1683 मध्ये सेनापती झाला! मराठे मागे फिरले ते मोगल शाहजादा शाह आलमची फौज कोकणाकडे येत होती म्हणून. गोव्यात मात्र श्रेय झेवियरला मिळालं. यातलं कुठलं कारण 'खरं' हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. कोणाला कुठलं कारण हवं होतं, हे विचारा.

मराठ्यांच्या बाजूला असा माणूस म्हणजे ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकर. मूळचे वऱ्हाडातले, म्हणजे आपल्या शेजारचेच. शाहू महाराज, बाजीराव, चिमाजी अप्पा, आंग्रे असे सगळे त्यांना मानायचे. बर्नार्डशी तुलना करायचा मोह होतो, पण एक फरक आहे : स्वामी आशीर्वादाबरोबर कर्जही द्यायचे. बाजीरावाच्या पत्रांत देण्याची कटकट वारंवार दिसते ती उगाच नाही.

आणि हत्ती? सावनूरच्या नवाबाकडून स्वामींच्या मार्फत आलेला एक हत्ती आंग्र्यांच्या माणसांनी वाटेत अडवला. सिद्दी सातला वाटलं, यात स्वामींचा हात आहे. 1727 मध्ये त्याने चिपळूणजवळचं परशुरामाचं देवस्थान लुटलं. स्वामी कोकण सोडून साताऱ्याजवळ धावडशीला आले आणि सिद्दीचं पारिपत्य व्हावं म्हणून पत्रांमागून पत्रं पाठवत राहिले. 1736 मध्ये रेवसजवळ चिमाजी अप्पाने सिद्दी सातला मारलं. याला 'धर्मयुद्ध' म्हणणार असाल तर हत्तीचं काय करायचं ते आधी ठरवा. आणि नुसता हत्ती धरून बसाल तर लुटलेल्या देवळाचं दुःख निसटेल. माझं मत विचाराल तर दोन्ही एकाच परिच्छेदात आली पाहिजेत.

वसईच्या मोहिमेतही (1737–39) असंच आहे. साष्टीतल्या हिंदूंवर धार्मिक जाच होता, गंगाजी नाईक अंजूरकरांसारखी स्थानिक मंडळी पेशव्यांकडे खेपा घालत होती. चिमाजी अप्पाने वज्रेश्वरीला नवस बोलला आणि विजयानंतर देऊळ बांधलं, असं परंपरा सांगते. वसईच्या चर्चमधल्या घंटा नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला लागल्या. इथपर्यंत अगदी क्रुसेड! पण मे 1739 मधल्या शरणागतीच्या अटी काढून वाचा. पोर्तुगीज शिबंदी सन्मानाने बाहेर पडली, आणि मागे राहणाऱ्या ख्रिश्चनांसाठी काही चर्च चालू ठेवायला मराठ्यांनी मान्यता दिली. 1099 मध्ये जेरुसलेम पडलं तेव्हा काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. तुलना करायचीच तर या अटींशी करा, घंटांशी नाही.

मिहानमध्ये शिफ्ट करून रात्री पेटचा अभ्यास करणाऱ्याला लिस्बनचं दफ्तर गाठणं शक्य नाही, हे मला कळतं. पण स्वामींचा पत्रव्यवहार पारसनिसांनी छापलाय, पेशवे दफ्तराचे सरदेसायांनी काढलेले 45 खंड आहेत. सुरुवातीला तेवढं पुष्कळ आहे. वाचताना वहीत एक रकाना वेगळा ठेवा : या कागदात बाई आली आहे का, आणि आली असेल तर तिच्याबद्दल लिहिणारा तिचा कोण?