कृत्रिम भाषांतील इंद्रियबोधदर्शक व्याकरण

एखादी गोष्ट वक्त्याने स्वतः अनुभवली, इतरांकडून ऐकली की केवळ कल्पिली, हे क्रियापदाच्या रूपाने अथवा अव्ययाने दर्शविण्याच्या पद्धतीस इंद्रियबोधदर्शक व्याकरण म्हणता येते. काही कृत्रिम भाषांमध्ये ही पद्धत हेतुपुरस्सर योजलेली आहे.

नैसर्गिक भाषांतील आधार

कोलंबिया व ब्राझीलमध्ये बोलल्या जाणाऱ्या तुयुका भाषेत क्रियापदाच्या प्रत्ययांवरून माहितीचे पाच आधार कळतात: पाहिलेले, अन्य इंद्रियांनी जाणलेले, खुणांवरून ताडलेले, ऐकीव आणि गृहीत धरलेले. मराठीतील ‘म्हणे’ हे अव्ययही ऐकीव माहिती सुचवते. मात्र त्याचा वापर ऐच्छिक असतो.

लाअदन

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ व विज्ञानकथालेखिका सुझेट हेडन एल्गिन (१९३६–२०१५) यांनी १९८२ मध्ये लाअदन भाषेची रचना सुरू केली. स्त्रियांचे अनुभव व्यक्त करण्यास प्रचलित भाषा अपुऱ्या पडतात, या गृहीतकाची चाचणी घेणे हा तिचा उद्देश होता. १९८४ मधील ‘नेटिव्ह टंग’ या कादंबरीत ही भाषा येते. ‘लाअद’ या क्रियापदाचा अर्थ ‘इंद्रियांनी जाणणे’ असा आहे.

निवेदनात्मक वाक्याच्या शेवटी माहितीचा आधार सांगणारे अव्यय येते. ‘बीइ हल विथ वा’ म्हणजे ‘स्त्री काम करते, हे मी स्वतः जाणले आहे’. ‘वा’मध्ये बाह्य इंद्रियांबरोबरच वेदना, भावना इत्यादी आंतरिक अनुभवही येतात. ‘वि’ स्वयंसिद्ध गोष्टीसाठी, ‘वे’ स्वप्नात दिसलेल्यासाठी, तर ‘वो’ काल्पनिकासाठी वापरतात. विश्वासार्ह आणि अविश्वासार्ह व्यक्तीकडून मिळालेल्या माहितीची अव्यये केवळ स्वराच्या चढत्या सुराच्या जागेवरून वेगळी ओळखली जातात.

या रचनेमुळे वक्त्यावर आपल्या विधानाची जबाबदारी येते. तसेच ‘मला थंडी वाजते’ या विधानास ‘वा’ जोडल्यावर तो स्वानुभव ठरतो. ‘तुला तसे उगाच वाटते’ असे म्हणून तो सहज खोडून काढता येत नाही.

नावी

पॉल फ्रॉमर यांनी २००९ च्या ‘अवतार’ या चित्रपटासाठी नावी भाषा रचली. तीत अनुमानाधारित विधानासाठी क्रियापदाच्या मध्ये ‘अत्स’ हा मध्यप्रत्यय येतो. डोळ्यांनी दिसणे (‘त्सेअ’) आणि अंतःकरणाने ओळखणे (‘कामे’) यांसाठी स्वतंत्र क्रियापदे आहेत.

मूल्यमापन

एल्गिन यांनी आपल्या प्रयोगासाठी दहा वर्षांची मुदत ठरवली होती. त्या काळात स्त्रियांनी लाअदनचा व्यापक स्वीकार केला नाही. तरीही व्याकरणातून अनुभवाच्या प्रामाण्याचा प्रश्न मांडणारी भाषा म्हणून तिचा अभ्यास केला जातो.