पाम संगणकाची संरक्षक केस

पाम संगणकाची संरक्षक केस : पत्ते, भेटींच्या वेळा, कामांच्या याद्या आणि टिपणे साठवणाऱ्या हातातल्या इलेक्ट्रॉनिक रोजनिशीला ओरखडे, दाब व पडझड यांपासून जपणारे आवरण. पाम कंपनीचा ‘पायलट’ १९९६ मध्ये अमेरिकेत बाजारात आला. त्याचे जनक जेफ हॉकिन्स यांनी यंत्र तयार होण्याआधी त्याच मापाचा लाकडी ठोकळा शर्टाच्या खिशात घेऊन वावरून पाहिले होते. केस निवडतानाही पहिली परीक्षा खिशाचीच. केस चढवल्यावर जे यंत्र खिशात मावेनासे होते, ते टेबलाच्या खणातच पडून राहते.

जपायचा असतो तो मुख्यतः पडदा. त्याचा वरचा थर लवचीक प्लास्टिकचा, खाली काच, आणि लेखणीने दाबले की दोन थर टेकून जागा कळते. लेखणीने अक्षरे काढण्याची खालची पट्टी सर्वांत आधी झिजते, पण ती झीज वापराची. केसने ती टळत नाही. काच फुटते ती बहुधा दाबाने: गच्च भरलेल्या बॅगेत किंवा पँटच्या मागच्या खिशात यंत्र ठेवून बसल्यावर. म्हणून झाकण आणि पडदा यांत थोडी पोकळी राहते का, हे कातड्याच्या प्रतीपेक्षा महत्त्वाचे. झाकणाच्या आत व्हिजिटिंग कार्डांचे कप्पे असलेली पाकिटे दिसायला देखणी असतात. मात्र कप्पे फुगले की दाब थेट काचेवर येतो.

पायलटनंतरच्या पाम थ्रीला (१९९८) प्लास्टिकचे झाकण जोडलेलेच होते. पाम फाइव्ह (१९९९) अ‍ॅल्युमिनियमचा, जेमतेम १० मिमी जाडीचा. त्याच्या दोन्ही कडांना खाचा होत्या; एकीत लेखणी, दुसरीत झाकणाची दांडी. बाजू बदलता येत असल्याने डावखुऱ्यांचीही सोय झाली. खाचेत अडकणारी केस यंत्राला वेलक्रोचा तुकडा चिकटवायला लावणाऱ्या केसपेक्षा केव्हाही सरस. २००१ च्या एम५०० मालिकेत याच खाचा राहिल्या, पण एम५०५ अधिक जाड असल्याने पाम फाइव्हच्या मापाची घट्ट केस त्याला बसत नाही.

कातडी केस हलकी आणि हाताला बरी वाटते. धातूची केस दाब सोसते, पण आतून अस्तर नसेल तर यंत्रालाच घासते. मऊ केसमध्ये समोरची बटणे दाबली जाऊन यंत्र आपोआप सुरू होते व बॅटरी उतरते. या जुन्या यंत्रांतली माहिती विजेवरच टिकत असल्याने बॅटरी पूर्ण संपली की नोंदीही जातात. केस चढवलेली असतानाच यंत्र संगणकाशी जोडणाऱ्या पाळण्यात (क्रेडलमध्ये) बसावे आणि वरची इन्फ्रारेड खिडकी उघडी राहावी. नाहीतर केस रोज काढावी लागते, आणि लवकरच ती कायमची निघते.

आता या केस जुन्या बाजारातच मिळतात. तेथे कातड्याच्या चकाकीपेक्षा दांडी तडकलेली नाही ना, हे आधी पाहावे.