एचआयव्ही असताना दारू प्यायल्यास शरीराच्या पोषणाचं काय होतं?

एचआयव्हीचे उपचार आता अनेक रुग्णांसाठी दिवसाला एका गोळीवर आले आहेत. ही एआरटी औषधं सरकारी केंद्रांमध्ये मोफत मिळतात. पण गोळीइतकंच महत्त्वाचं असतं ते ताटातलं जेवण. दारू नेमकी तिथेच आड येते.

जास्त अन्न का लागतं?

एचआयव्ही हा विषाणू रोगप्रतिकारशक्तीच्या सीडी४ पेशींवर हल्ला करतो. त्याच्याशी लढताना शरीराची ऊर्जा जास्त खर्च होते. जागतिक आरोग्य संघटनेनुसार, लक्षणं नसलेल्या प्रौढ रुग्णांना नेहमीपेक्षा सुमारे १० टक्के, तर लक्षणं दिसू लागल्यावर २० ते ३० टक्के जास्त ऊर्जा लागते.

दारूतूनही कॅलरी मिळतात, मग अडचण काय?

एक ग्रॅम अल्कोहोलमधून ७ कॅलरी मिळतात. त्या हिशेबाने व्हिस्कीच्या एका क्वार्टरमध्ये (१८० मिली) ४०० हून जास्त कॅलरी होतात. म्हणजे साधारण चार पोळ्यांइतक्या. पण त्यात प्रथिनं नाहीत, जीवनसत्त्वं किंवा खनिजंही जवळपास नाहीत. वर चखण्याला फरसाण खाल्लं की भूक मरते आणि रात्रीचं जेवण राहून जातं.

खाल्लेलं अंगी का लागत नाही?

एचआयव्ही आतड्याच्या अस्तराला इजा करतो. दारूही तेच करते. त्यामुळे अन्नातले घटक नीट शोषले जात नाहीत. थायमिन (बी१) आणि फोलेटची कमतरता निर्माण होते. झिंक आणि मॅग्नेशियम लघवीवाटे जास्त बाहेर पडतं. यकृतातला ‘अ’ जीवनसत्त्वाचा साठाही घटतो. यातले झिंक, फोलेट आणि ‘अ’ जीवनसत्त्व प्रतिकारशक्तीसाठी गरजेचे असतात.

औषधांवर काय परिणाम होतो?

एआरटी औषधं आणि दारू, दोन्हींचा भार यकृतावर पडतो. अबाकाविर हे औषध आणि दारू शरीरात एकाच एन्झाइममुळे विघटित होतात. त्यामुळे दारूसोबत या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं. टीबी टाळण्यासाठी दिल्या जाणाऱ्या आयसोनियाझिडसोबत दारू घेतली, तर यकृताला इजा होण्याचा धोका वाढतो.

‘आज प्यायलोय, गोळी उद्या घेऊ’ हे बरोबर आहे का?

नाही. दारूसोबत गोळी विषारी ठरेल, या भीतीने काही जण त्या दिवशीचा डोस टाळतात. पण डोस वारंवार चुकले तर विषाणू पुन्हा वाढतो आणि औषधाला दाद न देणारा होऊ शकतो. त्यामुळे प्यायलेली असली तरी ठरलेली एआरटीची गोळी चुकवू नये. पिण्याबद्दल डॉक्टरांना मात्र खरं सांगावं. त्यावरून ते औषधं आणि तपासण्या ठरवू शकतात.

मग करायचं काय?

दारू न पिणं सर्वांत सुरक्षित. पण अनेक वर्षं रोज पिणाऱ्याने ती एका झटक्यात स्वतःहून बंद करू नये. हातपाय थरथरणं, झटके येणं असे त्रास जिवावर बेतू शकतात. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावं.

जेवणात डाळी, उसळी, अंडी, शेंगदाणे, दूध-दही, पालेभाज्या असाव्यात. पाणी उकळून प्यावं. दर महिन्याला वजन करावं. कारण नसताना ते घटत असेल तर एआरटी केंद्रात लगेच सांगावं. एचआयव्हीबद्दलची माहिती आणि समुपदेशन १०९७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मोफत मिळतं.