हळद, भिक्खूसंघ आणि कर्करोगाचे दावे

‘आमच्या ऋषीमुनींनी हजारो वर्षांपूर्वीच कर्करोगावर हळद शोधून ठेवली होती, अमेरिका आज ते मान्य करते आहे.’ या आशयाचा संदेश सोयगाव तालुक्यातल्या कुठल्या व्हॉट्सअ‍ॅप गटात आला नसेल तर नवल. आम्ही ज्या वस्त्यांवर काम करतो तिथे असा संदेश नुसता वाचला जात नाही, त्यावर पैसे आणि महिने खर्च होतात. तोंडातली जखम भरत नाही, छातीतली गाठ वाढते आहे, आणि घरात हळदीच्या अर्काच्या गोळ्यांची महागडी बाटली आलेली असते. म्हणून या दाव्याचा इतिहास तपासायला हवा. त्यात दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते मुद्दाम एकत्र कालवले जातात. हळदीचे ज्ञान कोणाचे? आणि हळदीने कर्करोग बरा होतो का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधायला विनयपिटक उघडावे. महावग्गाच्या भेसज्जक्खन्धकात तथागतांनी आजारी भिक्खूंना मुळांची औषधे घेण्याची अनुज्ञा दिली आहे. त्या यादीत पहिले नाव हळदीचे आहे. मग आले, वेखंड, अतिविष, कुटकी, वाळा, नागरमोथा. ही मुळे वाटायला पाटा-वरवंटा ठेवण्याचीही परवानगी लगेच पुढे येते. सोबत एक अट आहे: कारण असेल तरच औषध घ्यावे, विनाकारण खाल्ले तर तो दोष. ऋषींच्या मंत्रसामर्थ्याचा इथे संबंध नाही. आजार आहे, औषध आहे आणि वापराचा नियम आहे.

हे फक्त ग्रंथात नाही. आमच्याच जिल्ह्यात, कन्नड तालुक्यातल्या पितळखोरा लेण्यांत इसवी सनापूर्वीचे दानलेख आहेत. त्यांत पैठणच्या गांधिक कुळातल्या, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याच्या घरातल्या मितदेवाचे दान कोरलेले आहे, आणि राजवैद्य मगिल याचेही. वैद्य आणि गांधी दोघेही संघाच्या दारात आपले नाव दगडावर कोरून गेले. अजिंठा तर सोयगाव तालुक्यातच. तिथे पर्यटक येतात, चित्रांचे कौतुक करतात. पण लेण्या खोदणाऱ्या या संघाने आजाऱ्याच्या शुश्रूषेचे नियम बांधले होते, हे त्यांना कोणी सांगत नाही.

आता दुसरी बाजू बघा. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात वैद्याला श्राद्धाच्या पंक्तीतून वगळले आहे आणि चौथ्या अध्यायात त्याचे अन्न निषिद्ध ठरवले आहे. रोग्याला, रक्ताला, पुवाला हात लावणारा माणूस अशुद्ध! देवीप्रसाद चट्टोपाध्याय यांनी 1977 मध्ये हाच मुद्दा लावून धरला होता की, वैद्यकाची चिकित्सक परंपरा आणि ब्राह्मणी धर्मशास्त्र यांचा उभा दावा होता. केनेथ झिस्क यांनी 1991 च्या आपल्या ग्रंथात भारतीय वैद्यकाच्या घडणीत श्रमणांचा, विशेषतः बौद्ध विहारांचा वाटा दाखवून दिला. चरक-सुश्रुतात हळद आहेच, ते कोणी नाकारत नाही. पण ज्या व्यवस्थेने वैद्याला पंक्तीतून उठवले, तिच्याच वारसांनी आज सगळे श्रेय घेऊन बसावे हे आम्हाला मान्य नाही. आणि बाळंतिणीच्या अंगाला हळद लावणाऱ्या सुईणीचे नाव तर कुठल्याच पोथीत नाही.

हा ज्ञानाच्या मालकीचा वाद आधुनिक काळात अमेरिकेत गेला. 1995 मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. संस्थेने 32 संदर्भ गोळा करून आव्हान दिले. त्यांत जुने संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथ होते, तसा 1953 मधला भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेखही होता. 1997 मध्ये दावे रद्द झाले. मोठा विजय, त्यात शंका नाही. पण लक्षात ठेवा, त्या लढाईत सिद्ध झाले ते एवढेच की जखमेवर हळद लावणे ही नवी गोष्ट नाही. कर्करोगाचा तिथे विषयच नव्हता. तरी आजचे संदेश त्या विजयाची पावती कर्करोगाच्या खात्यावर फाडतात.

कर्करोगाचे काय झाले ते प्रयोगशाळेत पाहू. हळदीचा पिवळा घटक, म्हणजे कर्क्युमिन, 1815 मध्ये वेगळा काढला गेला आणि त्याची रचना 1910 मध्ये कळली. 1987 मध्ये केरळमधल्या अमला कर्करोग केंद्राच्या रामदासन कुट्टन आणि सहकाऱ्यांनी 62 रुग्णांच्या उघड्या कर्करोगी जखमांवर हळदीचा अर्क आणि कर्क्युमिनचे मलम वापरून पाहिले. 90 टक्के रुग्णांत जखमेची दुर्गंधी कमी झाली, खाज जवळपास सगळ्यांची कमी झाली. जखमेचा आकार मात्र जेमतेम 10 टक्के रुग्णांत घटला. ज्याने घरात असा रुग्ण सांभाळला आहे त्याला दुर्गंधी कमी होण्याची किंमत कळेल. पण हा दिलासा आहे, रोग बरा होणे नव्हे. 1992 मध्ये मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेतून अझुइने आणि एस. व्ही. भिडे यांनी दाखवले की, रसायनांनी उंदरांत घडवलेल्या पोटाच्या आणि त्वचेच्या गाठी हळदीने कमी होतात. उमेद वाढली ती अशा कामांमुळे, आणि ती रास्त होती.

माणसाच्या शरीरात गाडी अडली. कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारसे उतरतच नाही. 2008 मध्ये ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्राने स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या 25 रुग्णांना रोज 8 ग्रॅम कर्क्युमिन दिले. दोघांतच काही परिणाम दिसला. हळदीत कर्क्युमिन साधारण 3 टक्के, म्हणजे 8 ग्रॅमसाठी रोज पाव किलोहून जास्त हळद लागेल. दुधात चमचाभर टाकून काय होणार? याच केंद्रातले भरत अगरवाल हे या संशोधनाचे जगातले सर्वांत मोठे नाव. त्यांचे वीसहून अधिक शोधनिबंध पुढे नियतकालिकांना मागे घ्यावे लागले. 2017 मध्ये औषधरसायन तज्ज्ञांनी एक मोठा आढावा घेतला. तोवर माणसांवर 120 हून अधिक चाचण्या झाल्या होत्या, पण ज्यात कोणाला औषध आणि कोणाला बनावट गोळी हे दोन्ही बाजूंना माहीत नसते, अशा काटेकोर चाचणीत कर्क्युमिन यशस्वी ठरलेले आढळले नाही. उलट अर्काच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

कालाम सुत्त आम्हाला शिकवते की ग्रंथात आहे, परंपरेने आले आहे, एवढ्यावर काही मानू नये. हा नियम मनुस्मृतीला लागतो तसा हळदीलाही लागतो, महावग्गात तिचे नाव असले तरी.

कसोटीवर उतरलेले औषधोपचार आपल्याच मराठवाड्यात आहेत. 1999 पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा प्रचंड अभ्यास झाला. 30 ते 59 वर्षांच्या 1,31,746 स्त्रिया त्यात होत्या. 2009 मध्ये निकाल आला: एचपीव्ही विषाणूची एकच तपासणी झालेल्या 34,126 स्त्रियांच्या गटात या रोगाने 34 मृत्यू, आणि तपासणी न मिळालेल्या 31,488 स्त्रियांच्या गटात 64. म्हणजे मृत्यू जवळपास निम्म्यावर. तुलनेच्या गटाला तपासणीविना ठेवले यावर जगभर टीका झाली, ती योग्यच होती. त्या 64 बायका खेड्यांतल्या होत्या. हे ज्ञान त्यांच्या जिवावर उभे आहे, आणि त्याच्या पेटंटसाठी कोणी हळदीघाटी लढवली नाही.

सोयगावहून छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय शंभर किलोमीटरच्या पुढे आहे. एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी, सोबत जाणाऱ्याची मजुरी, हे सगळे गोळ्यांच्या एका बाटलीत भागते असे घरच्यांना वाटते, आणि त्यात त्यांचा दोष नाही. येत्या ग्रामसभांत आम्ही एकच अर्ज देत आहोत: तालुक्यात तीस वर्षांवरच्या किती स्त्रियांची गर्भाशयमुखाची तपासणी आजवर झाली, त्याचा गाववार आकडा लेखी द्यावा.