नेमो: सत्तावन्नचा सागरी वारस

समुद्राखालचा राजपुत्र म्हटले की जुन्या कॉमिक्सच्या वाचकाला बिल एव्हरेटचा नेमॉर (१९३९) आठवतो. जमिनीवरच्या माणसांनी आपले लोक मारले म्हणून तो सूडाला निघतो. हीच वाट त्याआधी एका भारतीयाने चोखाळली होती. 'फास्टर फेणे'कार भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला; त्याचा कॅप्टन नेमो मुळात पोलिश व्हायचा होता. रशियातला खप बुडेल, या धास्तीने प्रकाशक एत्झेलने ते अडवले. पहिल्या कादंबरीत नेमो निनावीच राहिला. १८७५ मध्ये पूर्ण झालेल्या दुसरीत मात्र तो बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार निघाला: १८५७ च्या लढ्यात उतरलेला, त्यात बायकामुले गमावलेला. बुंदेलखंड म्हणजे झाशीचा मुलूख. सत्तावन्नचे युरोपातले पडसाद शोधताना बालसाहित्याचे हे कपाटही उघडायला हवे.