अंगणातल्या अनोळखी गुलाबाचं नाव कसं शोधायचं?



वसाहतकाळात रोपं, बिया आणि कलमं एका देशातून दुसऱ्या देशात कशी गेली, हा माझ्या पीएचडीचा विषय. हे कुणाला सांगितलं की निम्मे लोक जांभई देतात आणि उरलेले निम्मे मोबाइल काढून एक फोटो दाखवतात. "आजीने लावलेला गुलाब आहे. कुठली जात असेल?" फोटो बहुतेक वेळा एकाच प्रकारचा असतो: समोरून काढलेलं, पूर्ण उमललेलं गुलाबी फूल. आणि नेमकं त्यावरूनच नाव सांगणं सगळ्यात अवघड असतं. गुलाबी रंगाच्या जाती हजारोंनी आहेत हो!

म्हणून आज हा प्रश्न इतिहासाच्या बाजूने सोडवू या. तारीख आणि सही नसलेलं जुनं पत्र हाती आलं, तर आम्ही लगेच "कुणी लिहिलं?" असं विचारत नाही. ते कुठे सापडलं, कागद कसला आहे, त्यात उल्लेख केलेल्या गोष्टी कोणत्या काळाच्या आधी असूच शकत नाहीत, हे आधी बघतो. लेखकाचं नाव सगळ्यात शेवटी. गुलाबाचंही तसंच करायचं.

फांदी कुठून फुटली?

नर्सरीतून आणलेला गुलाब म्हणजे बहुतेक वेळा एक नाही, दोन झाडं असतात. खाली मुळांसकट एक काटक खुंट आणि त्यावर डोळा भरून वाढवलेली दिखाऊ जात. डोळा भरला त्या जागी, जमिनीलगत, एक गाठ दिसते. वरची जात नाजूक असते. एखाद्या उन्हाळ्यात ती मरते, खुंट मात्र जगतो आणि खालून जोमाने फुटतो. मग घरात तक्रार सुरू होते: "आधी लाल मखमली फुलं यायची, आता बारीक पांढरे झुपके येतात. झाड बदललं!" झाड बदललेलं नसतं. मालक गेला आणि नोकर घरात राहिला, इतकंच.

तेव्हा पहिलं काम म्हणजे खाली वाकून बघणं. गाठीच्या खालून फुटवा आलाय का? "पानाला सात पर्णिका म्हणजे जंगली, पाच म्हणजे चांगला" हा ठोकताळा सगळीकडे ऐकू येतो, पण त्यावर विसंबू नका. चांगल्या जातींनाही सात पर्णिका येतात. त्यापेक्षा पानाचा देठ फांदीला जिथे चिकटतो तिथलं उपपर्ण बघा. त्याच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या फाटलेल्या असतील, तर झाडात रोझा मल्टिफ्लोरा या पूर्व आशियातल्या जातीचा अंश असण्याची दाट शक्यता. खुंट म्हणून ही जात जगभर वापरली जाते.

आणि झाडाला गाठच नसेल तर? मग ते बहुधा फांदी रोवून वाढवलेलं आहे. कुणीतरी माहेरून, शेजारून, देवळाच्या आवारातून फांदी आणली आणि लावली. अशा झाडांना कधी पावती नव्हती की पाटी. इतिहासाच्या दृष्टीने खरी गंमत इथेच असते.

वर्षातून किती वेळा फुलतो?

राजस्थानात पुष्कर आणि हळदीघाटीकडे 'चैती गुलाब' पिकवतात. तो दमास्क गुलाबांपैकी. बहर एकदाच, आणि तो कधी हे नावातच आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपातले जवळजवळ सगळे गुलाबही असेच वर्षातून एकदाच फुलत. शरद ऋतूत पुन्हा थोडा फुलणारा एक दमास्क सोडला, तर दुसरा बहर ठाऊकच नव्हता.

मग चीनमधले बारमाही गुलाब बोटींवरून आले. वाटेत कलकत्त्याला थांबत आल्यामुळे फ्रेंच लोक त्यांना 'बंगालचे गुलाब' म्हणू लागले. लॅटिन नावातही 'इंडिका' शिरलं. आजही आपल्याकडे खुंटासाठी 'रोझा इंडिका' हे नाव सर्रास चालतं, पण त्याचं मूळ चीनमधलं आहे. नाव म्हणजे पुरावा नव्हे, हा धडा इथेच घ्यायचा. हे गुलाब बारमाही का, याचा उलगडा २०१२ मध्ये झाला: फुलण्याला आवर घालणाऱ्या एका जनुकात डीएनएचा आगंतुक तुकडा घुसला आहे आणि त्यामुळे तो ब्रेक लागतच नाही. म्हणजे तुमचा गुलाब वर्षभर फुलत असेल, तर त्याच्या पूर्वजांत चीनचा गुलाब असण्याची शक्यता फार मोठी.

एडवर्ड कोण?

आता या दोन घराण्यांची गाठ पडली ती जागा बघू. हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटाचं जुनं नाव बूरबाँ. तिथे शेताच्या कुंपणाला दोन गुलाब लावत: एक शरदात फुलणारा दमास्क आणि दुसरा चिनी. प्रचलित हकिकत अशी की १८१७ च्या सुमारास तिथे आलेल्या ब्रेआँ या फ्रेंच वनस्पतितज्ज्ञाला या दोघांपेक्षा वेगळं एक झाड दिसलं. ते एदुआर पेरिशाँ नावाच्या जमीनदाराकडचं, म्हणून स्थानिक लोक त्याला 'एदुआरचा गुलाब' म्हणत. त्याचं बी पॅरिसजवळच्या न्यूईला गेलं आणि त्यातून युरोपातलं 'बूरबाँ' गुलाबांचं घराणं उभं राहिलं.

हाच गुलाब भारतातही रुजला. एदुआरचा इंग्रजी उच्चार झाला एडवर्ड. उत्तर भारतात तो खुंट म्हणून वापरला गेला, तामिळनाडूत आजही हारांसाठी 'एडवर्ड' पिकवतात. गडद गुलाबी, वाटीसारखं, भरगच्च पाकळ्यांचं, सुवासिक फूल. आपण "काही नाही, गावठी आहे" म्हणून ज्याच्याकडे दुर्लक्ष करतो, त्यात अशी एखादी वंशावळ दडलेली असू शकते. आणि एक गोष्ट विसरू नका: फांदीपासून वाढवलेलं झाड हे मूळ झाडाचं मूल नसतं, तेच झाड असतं. हाताहातांतून पुढे सरकलेलं.

रंगावरून नाव नाही, पण काळ कळतो

रंग जातीचं नाव सांगत नाही. पण "याच्या आधीचा नाही" हे तो ठामपणे सांगू शकतो. मोठ्या फुलांच्या संकरित गुलाबांत झळझळीत पिवळा रंग आला तो पेर्ने-द्युशे यांच्या १९०० सालच्या 'सोलेय द'ऑर'नंतर. डोळ्यांत भरणारा शेंदरी रंग लोकप्रिय केला तो १९६० च्या 'सुपरस्टार'ने. पिवळ्या पाकळ्यांना गुलाबी कडा असलेला 'पीस' १९४५ मध्ये त्या नावाने बाजारात आला. म्हणजे "पणजीने १९३० साली लावलेला" पिवळा-गुलाबी गुलाब 'पीस' असू शकत नाही. एक तर जात दुसरी आहे, नाहीतर पणजीची गोष्ट थोडी पुढची आहे. दोन्ही शक्यता तपासण्यासारख्या आहेत.

'पीस'चंच आणखी एक बघा. तो फ्रान्समध्ये 'मादाम मेयाँ', जर्मनीत 'ग्लोरिया देई', इटलीत 'जोया'. एक झाड, चार नावं. त्यामुळे दोन घरी दोन वेगळी नावं सांगितली, तर लगेच कुणाला खोटं ठरवू नका.

डीएनए तपासलं की झालं?

नाही. तुलना कशाशी करणार? नाव खात्रीने माहीत असलेलं झाड आधी हवं. शिवाय २००० साली जपानी संशोधकांनी चार जुन्या दमास्क गुलाबांचा डीएनए तपासला, तेव्हा चौघांची छाप एकच निघाली, आणि मूळ तीन वेगवेगळ्या प्रजातींत सापडलं. नावं चार, वंश एक. अशी उत्तरं मिळतात ती कुणीतरी ती झाडं शतकानुशतकं जिवंत ठेवली म्हणून. आमच्या विषयात दप्तरखान्याला जे महत्त्व, तेच इथे जुन्या अंगणांना. फरक एवढाच की दप्तर जळलं तर बातमी होते, आणि अंगणावर फरशी बसवली तर कुणाला पत्ताही लागत नाही.

मग करायचं काय?

फोटो काढा, पण एका फुलाचा नको. कळी, बाजूने दिसणारं फूल, कोमेजलेलं फूल, पानाची मागची बाजू, उपपर्ण, काटे, जमिनीलगतची गाठ आणि धरलं तर फळ. बहर कोणत्या महिन्यांत येतो ते वर्षभर टिपून ठेवा. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा: आणला कुठून, कुणी, कोणत्या लग्नाच्या किंवा बारशाच्या आसपास? साल आठवत नाही, पण प्रसंग आठवतो.

एवढं करूनही नेमकं नाव मिळेलच असं नाही. पुष्कळदा "बूरबाँ घराण्यातला" किंवा "चिनी वंशाचा" इथवरच पोहोचता येतं. तेही पुरेसं समजा. चुकीचं नाव चिकटवण्यापेक्षा घराण्यापाशी थांबलेलं बरं, कारण चुकीची पाटी पुढच्या माणसाचा शोधच बंद करते.

आणि खुंट असो की गावठी, ओळख पटेपर्यंत उपटू नका. पुढच्या छाटणीला पेन्सिलीएवढ्या जाड दोन-तीन फांद्या बाजूला काढा, कुंडीत रोवा, जगलेल्यांपैकी एक दुसऱ्या कुणाच्या तरी घरी द्या. सोबत चिठ्ठी द्या: कुठून आणला, कुणी, साधारण कधी. नावाची जागा खुशाल कोरी ठेवा.